बाबांच्या हाताला बसेल असा चाकू

माझ्या सासऱ्यांचा चाकू गेला तो शेवेपायी.

इंदूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. इथला माणूस परगावी निघाला की त्याच्या सामानात कपडे कमी आणि शेव जास्त असते. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न बंगळुरूला होतं. लवंगेची शेव, लसणाची शेव, जाड, बारीक असा एक अख्खा खोका बाबांनी सुतळीने करकचून बांधून घेतला होता. मी लग्न होऊन या घरात आले ती साताऱ्याहून. इतकी वर्षं इथे काढूनही शेवेवरचं हे प्रेम मला पुरतं कळलेलं नाही.

विमानतळावर वजन जास्त भरलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, कुछ निकालना पड़ेगा." बाबांनी बॅगेतून आपला चाकू काढला, सुतळी कापली, खोका उघडला, आणि मी, माझा नवरा आणि बाबा असे आम्ही तिघं फरशीवर बसून शेवेच्या पुड्या हातातल्या पिशव्यांत वाटून घेऊ लागलो. मागे रांग खोळंबली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि बाप-लेक मात्र लसणाची कुठली नि लवंगेची कुठली यावर चर्चा करत होते. शेवटी एकदाची मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेली. बाबांनी चाकू मिटला आणि उभ्या जन्माच्या सवयीने पँटच्या खिशात टाकला.

पुढे तपासणीत तो निघाला. तिथल्या माणसाने नियमाप्रमाणे बाजूच्या डब्याकडे बोट दाखवलं. बाबांनी चाकू एकदा उघडून पाहिला, मिटला आणि स्वतःच्या हाताने डब्यात ठेवला. "रख लो भिया, काम की चीज है," एवढंच म्हणाले. विमानात त्यांनी विषय काढला नाही, लग्नातही नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

तो चाकू म्हणजे काही फार मोठी वस्तू नव्हती. लाल मुठीचा, खिशात मावणारा, एक पातं, एक पेचकस, छोटी कात्री, कानस. मुठीचा लाल रंग झिजून गुलाबी झाला होता. बाबा टेलिफोन खात्यात होते, तेव्हापासून तो त्यांच्या खिशात. निवृत्तीनंतर एक्सचेंज सुटलं पण चाकू सुटला नाही. सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा त्याच्या कात्रीने कापायचे, दुपारी पेरू त्याच्या पात्याने चिरायचे, मधल्या वेळात कुणाच्या इस्त्रीचा प्लग, कुणाच्या मिक्सरचं बटण. तुकोगंजातल्या आमच्या इमारतीत काहीही बिघडलं की लोक आधी बाबांकडे यायचे, मग दुकानात जायचे. घरात सदानकदा कुणाचं तरी उघडं पडलेलं यंत्र असायचं आणि मी त्यावरून रोज कटकट करायची.

लग्नाहून परतल्यावर ती कटकट बंद झाली, कारण टेबल रिकामं झालं. खालच्या मजल्यावरच्या काकू आपला मिक्सर घेऊन आल्या तर बाबा म्हणाले, "आता औजार नाही आहे ताई. दुकानात दाखवून टाका." घरात पेचकस नव्हता असं नाही. माळ्यावर त्यांच्याच हत्यारांची पेटी होती. पण ती त्यांनी मागितली नाही, आणि मी काढून दिली तर म्हणाले, "रहने दे बेटा." सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे ते जेवणापर्यंत. हात मात्र थोड्या थोड्या वेळाने खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

"वय झालंय त्यांचं," माझा नवरा म्हणाला. "किती दिवस लोकांचे मिक्सर उघडत बसतील?"

मला ते पटलं नाही. माझे वडील असेच खुर्चीत बसले होते. आधी वर्तमानपत्र वाचायचे, मग नुसतंच हातात धरायचे, मग धरायचेही नाहीत. तेव्हाही सगळे वय झालंय म्हणत होते आणि मीही म्हणाले होते. आता दुसऱ्यांदा एका माणसाला खुर्चीत विरून जाताना बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. स्वभाव माझा तापट आहे. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, दिवसभर पोरांवर ओरडते. काही बिनसलं की मला लगेच काहीतरी करायचं असतं, आणि इथे करण्यासारखं एकच होतं. नवा चाकू आणायचा.

"ऑनलाइन मागवून टाक ना," नवऱ्याने फोन पुढे केला. "हे बघ, मल्टिटूल. पक्कड, करवत, बाटली उघडायचं, डबा उघडायचं, सगळं एकातच आहे." जितकी जास्त पाती तितकी वस्तू चांगली, असा त्याचा हिशेब. फोन घेतानाही तो असाच घेतो. मीही त्याच्या नादी लागले आणि चांगलं भक्कम स्टीलचं एक मागवलं.

खोकं आलं. बाबांनी ते मन लावून पाहिलं, माहितीचा कागदही वाचला. "भारी आहे," म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं होतं. पायजम्याच्या खिशात टाकलं तर खिसा गुडघ्याकडे लोंबला. माझा नवरा हसला, बाबाही हसले. मग ते टेबलावर ठेवून पेपर वाचायला लागले.

थोड्या वेळाने मी चहा घेऊन निघाले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. बाबा ते उघडायचा प्रयत्न करत होते. पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून ओढत होते. नख सटकलं. दुसऱ्या हाताने केलं. मग मांडीवर दाबून धरून केलं. पातं हललंसुद्धा नाही. त्यांनी अंगठा चोळला, इकडे तिकडे पाहिलं, ते हत्यार खोक्यात घातलं, कागदाची घडी होती तशी घालून वर ठेवली आणि झाकण लावलं. मी दोन पावलं मागे गेले आणि मुद्दाम भांडं आपटून मग बाहेर आले.

"छान आहे बेटा," ते म्हणाले. "पण अपनाला एवढ्याची काय गरज? ठेवून दे, कुणाच्या लग्नात द्यायला कामी येईल."

त्या दिवशी मला उलगडा झाला. बाबांचा अंगठा आज दुखायला लागला नव्हता, कितीतरी वर्षं दुखत असणार. पण जुना चाकू वापरून वापरून सैल पडत गेला होता. तो आणि बाबांचा अंगठा बरोबरीने म्हातारे झाले होते, म्हणून दोघांचं निभत होतं. आता जगातला कुठलाही नवा चाकू त्यांना कडकच लागणार होता. आणि हे ते कुणाला सांगणार नव्हते. औजार नाही असं म्हणणं सोपं होतं, उघडता येत नाही असं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असतं.

मग मी सियागंजात गेले. हार्डवेअरच्या एका दुकानात काउंटरवर बसकण मारली आणि दुकानदाराला म्हटलं, खिशातले जेवढे आहेत तेवढे सगळे काढा. तो उत्साहाने दाखवायला लागला, ये देखो मैडम करवत, ये देखो पक्कड. मी त्याला थांबवलं. करवत आम्हाला कधी लागली होती? पक्कड माळ्यावर आहे. दिवसभरात बाबांना काय लागायचं ते मला पाठ होतं, कारण त्याच्यावरूनच मी वैतागत असे. दुधाच्या पिशवीला कात्री, पेरूला पातं, बटणांना पेचकस. बाकी सगळं ओझं.

म्हणून पहिली चाळणी वजनाची लावली. जो हातात जड लागला तो बाजूला. दुसरी, मूठ. गुळगुळीत स्टील ओल्या हातातून निसटतं, त्यापेक्षा जरा खरखरीत प्लास्टिक बरं. तिसरी आणि खरी चाळणी उघडण्याची. मी प्रत्येक चाकू डाव्या हाताच्या अंगठ्याने उघडून बघत होते, कारण माझा डावा अंगठा म्हणजे बाबांचा उजवा, असं मी धरून चालले होते. एकाची कात्री उघडेना, एकाचं पातं उघडलं तर मिटेना. दुकानदार कंटाळला.

"मैडम, चाकू ले रहे हो कि लड़का पसंद कर रहे हो?"

"लड़का इससे जल्दी पसंद किया था," मी म्हटलं, "इसीलिए इस बार टाइम ले रही हूँ."

तो हसला आणि आतून आणखी एक ट्रे घेऊन आला. त्यातला एक उघडताना माझं नख मुळापासून तुटलं. रक्त आलं. दुकानदाराने पट्टी दिली आणि माझ्या हातातून तो चाकू काढून घेतला. शेवटी एक मिळाला. छोटा, निळ्या मुठीचा, हलका. मला हवी होती तेवढीच पाती. तोही सैल नव्हता, पण बाकीच्यांपेक्षा मऊ होता. आणि त्याच्या प्रत्येक पात्याला, कात्रीच्या दांडीलासुद्धा, पाठीच्या बाजूला एक बारीक भोक होतं. ते कशासाठी, असं मी विचारलं. "डिजाइन है," दुकानदार म्हणाला. बोट जाण्याइतकं काही ते मोठं नव्हतं. मी घेतला.

आता द्यायचा कसा, हा प्रश्न होता. उघडता आला नाही तर पुन्हा ते खोकं, ती कागदाची घडी, ते झाकण. रस्ताभर मी याच विचारात होते, आणि उत्तर मिळालं ते माझ्या दिवंगत सासूबाईंच्या एका नियमात. आमच्या घरात धारेची वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नाही. चाकू असो, कात्री असो, सुई असो, ती खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलून घ्यायची. हातात दिली तर भांडण होतं, असं सासूबाई म्हणायच्या. मी विज्ञान शिकवणारी बाई, सुरुवातीला या नियमाला मनातल्या मनात नाकं मुरडली होती. पण पाळत आले, आणि आता तो कामाला आला. जी वस्तू हातात द्यायचीच नाही, ती कशा अवस्थेत ठेवायची हे ठेवणाऱ्याच्या हातात असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकूची कात्री अर्धी उघडली आणि तो दुधाच्या पिशवीशेजारी टेबलावर ठेवला. जणू मीच वापरता वापरता तसा टाकून गेले होते. "बाबा, पिशवी तेवढी कापून ठेवता का? मला उशीर होतोय," असं स्वयंपाकघरातून म्हटलं.

मी गॅस बारीक करून कान टवकारले. मग कच्च करून कात्री चालली. मी ओट्याला धरून उभी होते, जिवात जीव आला. बाहेर येऊन बघते तर बाबा चाकू टेबलाच्या कडेवर दाबून मिटत होते. मिटणं त्यांना जमत होतं. "नवा आणला का?" त्यांनी विचारलं. "स्वयंपाकघरात लागतो म्हणून आणला," मी थाप मारली. ते हं म्हणाले.

मग तो आमचा रोजचा रिवाजच झाला. मी निघण्याआधी चाकू अर्धा उघडून टेबलावर ठेवायची. कुठलं पातं उघडायचं ते बाबाच नकळत सांगायचे. "आज चष्म्याचा पेच कसून टाकतो," म्हणाले की मी पेचकस उघडून ठेवायची. "पेरू आणलेत, बघतो जरा," म्हणाले की पातं. एकदा म्हणाले, "नखाला कानस लावायची आहे," मी कानस उघडली. संध्याकाळी परतले की चाकू मिटलेला असायचा. मी स्वतःवर खूष होते. इतक्या हुशारीने एखाद्याला मदत करावी आणि त्या माणसाला पत्ताही लागू नये, याचा मला भारीच अभिमान वाटत होता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू क्लासमध्ये अशी गोड का नाही वागत?"

एक गोष्ट मात्र खुपत होती. बाबा खुर्चीतून उठायला लागले होते, पण काकूंचा मिक्सर अजून परत आला नव्हता. इमारतीतल्या कुणाचीच वस्तू आली नव्हती. मी घरात नसताना त्यांना एकच पातं मिळत होतं, एकदा मिटलं की दिवस संपला. एका पात्यावर कुणी लोकांची कामं घेत नाही. हे कसं सोडवायचं ते मला कळत नव्हतं, आणि घाई करायची भीती वाटत होती.

मग मला ताप आला. साधाच, पण एक दिवस उठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जरा बरं वाटलं म्हणून स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर दुधाची पिशवी होती आणि तिच्या शेजारी चाकू, कात्री अर्धी उघडून ठेवलेला. मला वाटलं, परवा मीच विसरले असेन. मग नीट पाहिलं. कात्रीच्या दांडीच्या त्या बारीक भोकातून एक निळी तार ओवून तिचा छोटा फास केला होता, करंगळी जाईल एवढा. पात्याला तांबडी तार. पेचकसाला हिरवी, कानशीला पिवळी. टेलिफोनच्या केबलमधल्या, एकमेकींभोवती पिळलेल्या रंगीत तारा, ज्यांची गुंडाळी बाबांच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून होती. मी चाकू मिटला. फास बाहेर राहिले. मग करंगळीने तांबडा फास ओढला आणि पातं अलगद बाहेर आलं. नख लागलं नाही, अंगठा लागला नाही.

मागे बाबा येऊन उभे होते.

"जमून राहिलंय ना तुला?" त्यांनी विचारलं.

"मला?"

"हो मग. तुझ्यासाठीच करून टाकलं. रोज अर्धाच उघडून ठेवायचीस. मी म्हटलं, हिला पूर्ण उघडता येऊन नाही राहिला. त्या दिवशी बोटाला पट्टीपण होती. पोरगी बोलत नाही, पण तकलीफ आहे."

इतके दिवस मी त्यांच्याबद्दल जे मनात बाळगून होते, ते त्यांनी जसंच्या तसं उचलून माझ्या पदरात घातलं होतं. चेहरा मात्र साळसूद.

"तार ओवायला तर पाती उघडायला लागली असतील," मी म्हटलं.

"तू ठेवायचीस ना उघडून. आज हे, उद्या ते. एकेक तार ओवून टोक आत दाबून ठेवायचो. फास काल वळून टाकले."

"म्हणजे चष्म्याचा पेच ढिला नव्हता?"

"चष्म्याला काय होणार आहे?" बाबा म्हणाले आणि चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. पेच घट्ट होता. माझ्या क्लासमधल्या पोरांपेक्षा बनेल निघाले. मला एकाच वेळी त्यांचा राग आला आणि रडूही आलं, आणि तापातून उठलेलं माणूस म्हणून दोन्ही खपून गेलं. ते खरंच माझ्या अंगठ्याची काळजी करत होते, की मला सांभाळून घेत होते, की माझी थाप मलाच परत करत होते, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना स्वतःच्या अंगठ्याबद्दल बोलावं लागलं असतं. माझे वडील खुर्चीत बसले तेव्हा त्यांना उठवेल असं माझ्या हातून काही झालं नव्हतं; हा माणूस उठला होता, आणि तारा माझ्यासाठीच ओवल्या म्हणून सांगत होता, एवढं मला पुरलं.

"बसतोय हाताला," मी म्हटलं. "चांगला बसतोय, बाबा."

"मग झालं," ते म्हणाले. "थोड्या वेळाने अपन काकूंकडे विचारून टाकू. मिक्सर दुकानात दिला का अजून पडून आहे."

मिक्सर पडूनच होता. दुपारपर्यंत तो आमच्या टेबलावर उघडा झाला, संध्याकाळी त्याच्याशेजारी कुणाचा तरी टेबलफॅन आला, आणि मी जेवायची ताटं कुठे ठेवायची म्हणून कटकट सुरू केली. बाबा फॅनच्या आत डोकं घालून "बस दो मिनिट" म्हणत राहिले. निळा चाकू आता त्यांच्या पायजम्याच्या खिशात असतो, रंगीत तारा खिशातून जरा बाहेर डोकावतात. परगावी निघालो की तो मी स्वतः खिशातून काढून मोठ्या बॅगेत टाकते, आणि शेवेचा खोका घरीच वजन करून घेते.

सकाळी मात्र तो चाकू ओट्यावर असतो. आमच्यातलं जे आधी उठतं ते तो दुधाच्या पिशवीजवळ ठेवतं, दुसऱ्यासाठी, कात्री अर्धी उघडून. तारा लागल्यापासून दोघांनाही खरं तर त्याची गरज उरलेली नाही.